दिनविशेष : २३ नोव्हेंबर – पूल थांबला, गाडी धावली

२०२२ साली याच दिवशी अकोट-अकोला रेल्वे पुन्हा रुळांवर आली, तीही ब्रॉडगेजच्या. काचीगुड्याहून अजमेरकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गाचा हा तुकडा. रुंदीकरणासाठी काही वर्षे बंद होता.

गाडीचे अप्रूप वाढवले ते एका पुलाने. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्राम येथे पूर्णा नदीवर ब्रिटिशकालीन पूल आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला तडे गेले आणि वाहतूक बंद झाली. नोकरदार, विद्यार्थी, शेतकरी सगळ्यांच्याच नशिबी फेरा आला. अशात उगवा, गांधी स्मारक रोड, पाटसूल ही छोटी स्थानके पुन्हा जागी झाली.

सातपुड्यात उगम पावून चांगदेवजवळ तापीला मिळणारी ही पूर्णा वऱ्हाडाच्या खारपाणपट्ट्यातून वाहते. दोन्ही काठांना विहिरीचे पाणी खारट. नदीचे मात्र पूजेला चालते.

श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावडधारी गांधीग्रामला नदीत उतरतात, भरणे, म्हणजे पाण्याने भरलेली भांडी, खांद्यावरच्या कावडीला बांधतात आणि अनवाणी अकोल्याची वाट धरतात. त्या पाण्याने अकोल्याचे ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक होतो.