न्हाणी ट्रॅप आणि रिकामा पाइप

इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत आपला एक घरगुती शब्द जाऊन बसला आहे, तिथून सुरुवात करू. बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखाली जे पाणी धरून ठेवणारे वाकडे भांडे असते, त्याला ही पुस्तके ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणी आपली, ट्रॅप साहेबाचा. आज आपण बोलणार आहोत ते या जोडशब्दाबद्दल, आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या एका रिकाम्या पाइपाबद्दल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्यांनी या मोरीत का उतरावे, असे कुणी विचारील. तर चुकीच्या सिद्धान्तातून बरोबर वस्तू कशी जन्मते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

पनवेलसारख्या गावातल्या वाड्यात न्हाणीघराचे पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जायचे, अळवाला, केळीला. ट्रॅप नव्हता, कारण गरजच नव्हती. वास उघड्यावर विरून जायचा. संडास परसाच्या टोकाला, टोपलीचा. ती टोपली उपसण्याचे काम मात्र एका जातीच्या माथी मारलेले होते, म्हणून त्या ‘हवेशीर’ व्यवस्थेचे गोडवे आम्ही गाणार नाही. कोकणातच, कणकवलीला, अप्पासाहेब पटवर्धनांनी त्या कामात स्वतः हात घातला, ते काही हौस म्हणून नव्हे. पनवेलची नगरपालिका 1852 ची, जुन्यातली जुनी. पण नगरपालिका असणे वेगळे आणि घरोघरचा संडास पाइपाने गटाराला जोडलेला असणे वेगळे.

संडास घरात आला आणि प्रश्न उलटा झाला. घाण बाहेर नेणारा पाइप गटाराची हवा घरात आणूही शकतो. त्यावरचा तोडगा 1775 साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट केला. पाइपाला वाक द्यायचा, म्हणजे वाकात थोडे पाणी अडून राहते. पाणी जाते, हवा अडते. दरवाजाही तोच, कडीही तीच!

पण ही कडी नाजूक. वाकातले पाणी साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याच्या भाषेत सुमारे 10 मीटर. त्याच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी कडी निघते. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला की पाणी कोसळताना पुढची हवा ढकलते आणि मागची ओढते. त्या ओढीत आपल्या ट्रॅपमधले पाणी चहा भुरकावा तसे निघून जाते. उपाय एकच, पाइपाला दुसरीकडून श्वास द्यायचा. म्हणून गच्चीवर उघड्या तोंडाचा व्हेंट पाइप. त्यातून ना पाणी जाते ना मैला, नुसती हवा.

या पाइपाचा आग्रह युरोपात वाढला तो भीतीपोटी. 1871 मध्ये इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला, आणि दोष दिला गेला तो तो उतरला होता त्या घरातल्या गटाराच्या वायूला. दुर्गंधी म्हणजेच रोग, असा सिद्धान्त होता. 1880 मध्ये एबर्टने विषमज्वराचा जंतू पाहिला. रोग दूषित पाण्या-अन्नातून पसरतो हे पक्के झाले. सिद्धान्त गेला. ट्रॅप आणि व्हेंट राहिले. आणि मग पाइप कशासाठी आहे, हेच हळूहळू लोक विसरले.

आठवण करून दिली ती हाँगकाँगने. मार्च 2003, अ‍ॅमॉय गार्डन्स ही उंच इमारतींची वसाहत. सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, 42 जण दगावले. तपासात बोट गेले न्हाणी ट्रॅपकडे. लोक बाथरूम ओल्या फडक्याने पुसत, पाणी ओतत नसत. ट्रॅप सुकले होते, आणि एक्झॉस्ट पंखा पाइपातली हवा तुषारांसकट घरात ओढत होता. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये तिथल्याच हाँग मेई हाउसमध्ये तेराव्या आणि तिसऱ्या मजल्यावर, एकाखाली एक असलेल्या दोन घरांत कोरोनाचे रुग्ण निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये बदल करताना व्हेंट पाइप उघडा राहिला होता. लागण त्याच वाटेने झाली, असे छातीठोक म्हणता येत नाही. पण रहिवाशांना रातोरात घरे सोडावी लागली.

आता आपल्या घरी येऊ. नवीन पनवेल सिडकोने वसवले. तिथली आणि जुन्या गावातली कितीतरी घरे आज बाथरूम नवे करण्याच्या वयाला आली आहेत. टाइल्स निवडायला चार रविवार जातात, पाइपाला चार मिनिटे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या इमारतींत दोन पाइप वेगळे असतात. मैल्याचा थेट चेंबरला जातो. न्हाणीचा आणि बेसिनचा खाली गली ट्रॅपमध्ये पडतो. मोरीच्या जागी नवा कमोड बसवून तो जवळचा म्हणून न्हाणीच्या पाइपाला जोडला, की मैला गली ट्रॅपवर, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीशी. उलट न्हाणी मैल्याच्या पाइपाला जोडली, की उथळ न्हाणी ट्रॅप प्रत्येक फ्लशला रिकामा. आणि डक्टमधला तो बारीक पाइप, ‘यात काही येत नाही, काढून टाकू का?’ असे विचारून काढला जातो. वैशेषिकांनी अभावालाही पदार्थांत जागा दिली. प्लंबरने द्यायला हरकत नव्हती.

धुरावरून अग्नीचे अनुमान आपण शाळेपासून ऐकतो. इथे धूर म्हणजे आवाज. शेजारचा फ्लश ओढला आणि आपल्या जाळीत गुडगुडले, तर पाइपाला श्वास कमी पडतो आहे असे समजावे, आणि फिनेल ओतण्याऐवजी व्हेंट तपासावा. वासही येत असेल पण गुडगुड नसेल, तर आधी ट्रॅप सुकला आहे का ते पाहावे. मे महिन्यात गावी गेलेल्यांच्या बंद घरात हेच होते, आणि बादलीभर पाणी पुरते. हल्ली हवा फक्त आत घेणारी झडप मिळते. 1970 च्या दशकात ती स्वीडनमध्ये निघाली. ओढ लागली तर ती कामाची. पण खालच्या मजल्यांवर हवा वर ढकलली जाते तेव्हा ती मिटून बसते. म्हणजे गच्चीवरच्या उघड्या तोंडाची जागा ती घेत नाही.

त्या तोंडाचे आपण काय करतो, तेही पाहा. इकडचा पाऊस मोठा, गच्ची गळते, म्हणून सोसायटी पत्र्याची शेड घालते. पाइप मध्ये येतो. मग तो कापतात, टोपण लावतात, नाहीतर शेडच्या आतच ठेवतात, जिथे संध्याकाळी आपण ज्येष्ठ मंडळी खुर्च्या टाकून बसतो. शेडचा ठराव सभेत येईल तेव्हा अंदाजपत्रकात एक ओळ घालून घ्या: पाइप पत्र्याच्या वर काढणे, तोंडाला जाळी बसवणे. सगळ्या खर्चात ती ओळ सर्वांत लहान असेल.