खाजगीपणाचा हक्क व जाहिरात-मागोवा

व्यक्तीचे शरीर, घर, कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि तिचे वैयक्तिक निर्णय यांत तिच्या संमतीवाचून इतरांनी हस्तक्षेप करू नये, या अपेक्षेस खाजगीपणा म्हणतात आणि या अपेक्षेला विधीने दिलेली मान्यता म्हणजे खाजगीपणाचा हक्क होय. आंतरजालावर वावरणाऱ्या व्यक्तीच्या हालचालींची नोंद ठेवावयाची, त्या नोंदींवरून तिच्या आवडीनिवडी, गरजा व अडचणी यांविषयी अनुमाने काढावयाची आणि त्यांस अनुसरून तिला जाहिराती दाखवावयाच्या, या पद्धतीस जाहिरात-मागोवा असे म्हणता येईल. भारतात खाजगीपणाचा प्रश्न प्रथम शासनाकडून होणाऱ्या झडतीच्या संदर्भात उपस्थित झाला. एकविसाव्या शतकात तोच प्रश्न खाजगी कंपन्यांनी ठेवलेल्या नोंदींच्या संदर्भात उभा राहिला. या इतिहासाच्या आरंभी यवतमाळच्या एका विधिज्ञाने संविधान सभेत मांडलेली व अखेर अमान्य झालेली एक दुरुस्ती आढळते.

संविधान सभेतील चर्चा : ब्रिटिश अमदानीत १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १८९८ चा भारतीय डाक अधिनियम यांन्वये तारा व टपाल मध्येच अडविण्याचे अधिकार सरकारकडे होते. पत्रे फोडली जाणे आणि घराची झडती होणे, हे राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्त्यांच्या नित्य परिचयाचे झाले होते. या पार्श्वभूमीवर मार्च १९४७ मध्ये क. मा. मुनशी यांनी मूलभूत हक्कांच्या आपल्या मसुद्यात घराची अनतिक्रमणीयता व पत्रव्यवहाराची गुप्तता या दोन्हींचा अंतर्भाव केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही आपल्या निवेदनात अवाजवी झडतीपासून संरक्षण सुचविले होते. तथापि अशा तरतुदींमुळे दिवाणी दाव्यांतील पुरावा व गुन्ह्यांचा तपास यांत अडथळे येतील, असा आक्षेप अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, बेनेगल नरसिंह राव प्रभृतींनी घेतला आणि त्या गाळण्यात आल्या.

मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर निवडून गेलेले यवतमाळचे विधिज्ञ काझी सय्यद करिमुद्दीन यांनी हा विषय ३ डिसेंबर १९४८ रोजी पुन्हा सभागृहापुढे आणला. लोकांची शरीरे, घरे, कागदपत्रे व चीजवस्तू अवाजवी झडती व जप्ती यांपासून सुरक्षित असावीत आणि शपथपूर्वक मांडलेल्या सबळ कारणाशिवाय, तसेच जागा व वस्तू यांचा स्पष्ट निर्देश केल्याशिवाय अधिपत्र काढले जाऊ नये, असा त्यांच्या दुरुस्तीचा आशय होता. अमेरिकेच्या संविधानातील चौथ्या दुरुस्तीशी तिचे शब्दशः साम्य होते. डॉ. आंबेडकरांनी ती उपयुक्त मानली. तीत नवे असे काही नसून दंडप्रक्रिया संहितेत या तरतुदी आहेतच. परंतु व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या विधिमंडळाच्या आवाक्यापलीकडे ठेवणे इष्ट होईल, असे त्यांनी सांगितले. मसुदा समितीच्या अध्यक्षांचे असे अनुकूल मत असतानाही ही दुरुस्ती संविधानात समाविष्ट होऊ शकली नाही.

न्यायालयीन निर्णय : हे कलम संविधानात नसल्याचा परिणाम लवकरच दिसून आला. एम्. पी. शर्मा खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने अमेरिकी चौथ्या दुरुस्तीसारखा खाजगीपणाचा मूलभूत हक्क संविधानकर्त्यांनी मान्य केलेला नाही, त्यामुळे तो अर्थ लावण्याच्या ओघात आणता येणार नाही, असे मत दिले. खडकसिंग खटल्यात (१९६२) पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटी अवैध ठरविण्यात आल्या. पण खाजगीपणाचा हक्क बहुमताने नाकारण्यात आला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्नमत नोंदवून तो व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक भाग मानला. महाराष्ट्रातून गेलेल्या मलकानी खटल्यात (१९७२), संभाषणातील एका पक्षाच्या संमतीने केलेले दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले गेले; त्याचबरोबर निरपराध नागरिकाच्या संभाषणास अनुचित हस्तक्षेपापासून संरक्षण मिळेल, असेही न्यायालयाने म्हटले. गोविंद खटल्यात (१९७५) हा हक्क मर्यादित स्वरूपात गृहीत धरण्यात आला, तर दूरध्वनी चोरून ऐकण्यासंबंधी १९९६ साली दिलेल्या निर्णयात न्यायालयाने कार्यपद्धतीचे निर्बंध घालून दिले. या सर्व प्रकरणांत नागरिकाच्या समोरचा पक्ष शासन हाच होता.

मागोव्याचे तंत्र : भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. तिच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या होत्या. नेटस्केप कंपनीतील ल्यू माँटुली याने ‘कुकी’ हे तंत्र तयार केले आणि ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पहिल्या जाहिरात-पट्ट्या झळकल्या. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकावर ठेवलेली लहानशी खूणचिठ्ठी होय. तोच वाचक पुन्हा आला, हे ओळखणे एवढाच तिचा मूळ हेतू होता. तथापि ‘डबलक्लिक’ यासारख्या जाहिरात कंपन्यांच्या जाहिराती शेकडो संकेतस्थळांवर एकाच वेळी दिसू लागल्या, तेव्हा त्यांतील प्रत्येक ठिकाणाहून हीच चिठ्ठी वाचता येऊ लागली. परिणामी वाचक कोठून कोठे गेला, याची अखंड साखळी त्या संकेतस्थळांशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच पक्षाच्या हाती आली. गूगलने २००८ मध्ये डबलक्लिक विकत घेतल्यानंतर शोधयंत्रातील प्रश्न व संकेतस्थळांवरील भ्रमंती या दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच समूहाकडे आल्या.

पान उघडताच त्यावरील रिकाम्या जागेचा लिलाव निमिषार्धात पार पडतो. वाचकाचे अंदाजे स्थान, वय, उपकरणाचा प्रकार व पूर्वीच्या नोंदींवरून काढलेली अनुमाने बोली लावणाऱ्यांस कळविली जातात व सर्वाधिक मोल देणाऱ्याची जाहिरात दिसते. वाचकाचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते. उदा., वणी किंवा उमरखेड येथील एखाद्याने गुलाबी बोंडअळीवरील उपाय, पीककर्जाची मुदत आणि मधुमेहाची औषधे यांविषयी लागोपाठ शोध घेतला, तर तो कापूस पिकवितो, त्यास पैशाची निकड आहे व घरात आजारपण आहे, अशी तीन अनुमाने त्याने कोणाजवळही अवाक्षर न काढता निघू शकतात. कीटकनाशकाचा विक्रेता, सावकारी ॲप व औषध कंपनी या तिघांनाही ती मोलाची असतात. गावातील दुकानदारालाही गिऱ्हाइकाची अडचण समजत असे. परंतु ती कोणाला समजली आहे, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असे. मागोव्यात हे दुसरे ज्ञान उरत नाही आणि हाच त्यातील मुख्य भेद होय.

समाजमाध्यमांचा काळ : २००४ साली स्थापन झालेल्या फेसबुकने या पद्धतीत मोठी भर घातली. व्यक्तीने स्वतः दिलेले नाव, जन्मदिनांक, नातेवाईक, मित्र व छायाचित्रे यांच्याशी आंतरजालावरील इतर हालचालींची सांगड घालणे तीमुळे शक्य झाले. अन्य संकेतस्थळांवरील खरेदीची वार्ता मित्रमंडळींना परस्पर कळविणारी ‘बीकन’ ही योजना (२००७) टीकेमुळे २००९ मध्ये बंद करावी लागली. मात्र २०१० पासून ‘लाइक’चे बटण इतर संकेतस्थळांवरही बसविण्यात आले व ते न दाबताही भेटीची नोंद होऊ लागली. केंब्रिज ॲनॅलिटिका प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघडकीस आले. त्यात एका चाचणी-ॲपद्वारे ८·७ कोटींपर्यंत व्यक्तींची माहिती राजकीय प्रचाराच्या कामी गेली असावी, असे फेसबुकने मान्य केले. भारतातील अवघ्या ३३५ जणांनी ते ॲप घेतले होते; त्यांच्या मित्रयाद्यांमुळे संभाव्य बाधितांची संख्या ५,६२,००० च्या वर गेली. एकाने दिलेली संमती दुसऱ्यास कशी बांधून टाकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतात २०१६ नंतर स्वस्त दरातील मोबाइल इंटरनेटमुळे समाजमाध्यमे खेडोपाडी पोहोचली व व्हॉट्सॲप हे निरोपांचे प्रमुख साधन बनले. फेसबुकने ते २०१४ मध्ये विकत घेतले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने वापरकर्त्यांची काही माहिती मूळ कंपनीस देण्याचे धोरण जाहीर केले. त्या वेळी जुन्या वापरकर्त्यांना नकाराची मर्यादित मुभा होती. जानेवारी २०२१ मधील धोरणात ती राहिली नाही. ‘मान्य करा, अन्यथा सेवा सोडा’ अशा स्वरूपाच्या या अटीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीस २१३·१४ कोटी रुपयांचा दंड केला व जाहिरातींसाठी माहिती देण्यास पाच वर्षे मनाई केली. राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवून मनाई रद्द केली. संदेशांतील मजकूर कूटबद्ध असला, तरी कोण कोणाशी, केव्हा व कोठून संपर्क साधतो, ही माहिती मजकुराहून निराळी असते, हे या वादामुळे सर्वसामान्यांच्या लक्षात आले.

हक्काची मान्यता व अधिनियम : न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला (⟶ मूलभूत हक्क). या पीठात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांचा समावेश होता. निकालपत्रात करिमुद्दीन यांच्या दुरुस्तीचा परामर्श घेण्यात आला असून, संविधान सभेत ती मान्य न झाल्याने हा हक्कच नाकारला गेला असे ठरत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. १९५४ व १९६२ च्या निर्णयांतील विरुद्ध मते रद्द झाली. खाजगीपणास शासनाप्रमाणेच शासनेतर घटकांपासूनही धोका संभवतो, हेही न्यायालयाने नमूद केले. या निर्णयाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दूरध्वनी चोरून ऐकण्याचे काही आदेश रद्द केले.

न्यायमूर्ती बी. एन्. श्रीकृष्ण समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये सादर झाला. त्यावर आधारित २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले व अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्यान्वये संमती ही मुक्त, विशिष्ट, सुजाण व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती देणे जितके सोपे, तितकेच काढून घेणेही सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांचा मागोवा घेण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई असून दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; कंपन्यांवरील मुख्य कर्तव्यांच्या अंमलासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. यूरोपीय संघाचे माहिती संरक्षण विनियम याआधीच, मे २०१८ मध्ये, अंमलात आले होते.

मूल्यमापन : या अधिनियमाची सारी भिस्त संमतीवर आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय त्यात असल्याने मराठी वाचकास ती मराठीत मागता येते. परंतु यवतमाळ जिल्ह्यात घरी बोलल्या जाणाऱ्या कोलामी, गोंडी व गोरमाटी या भाषांना त्या अनुसूचीत स्थान नाही. शिवाय घरातील एकच मोबाइल अनेकांनी वापरल्यास एकाने दिलेली संमती सर्वांच्याच नावे लागू होते व मुलांसाठी असलेले संरक्षण वडिलांच्या खात्यामागे दडून राहते. दीर्घ सूचना न वाचता मान्य करण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांतही आढळते. दुसरीकडे, केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इ. कारणांसाठी अधिनियमातून सूट देता येते. त्यामुळे १९४८ मध्ये उपस्थित झालेला मूळ प्रश्नही पुरता मिटलेला नाही.

करिमुद्दीन यांच्या दुरुस्तीत झडतीपूर्वी दोन गोष्टी आवश्यक मानल्या होत्या : सबळ कारण आणि कशाची झडती घ्यावयाची याचा स्पष्ट निर्देश. त्या काळी कागदपत्रे घरात असत व झडती घेणाऱ्यास दारावर यावे लागे. जाहिरात-मागोव्यात कागदपत्रे आधीच घराबाहेर, दूरच्या संगणकांवर असतात आणि उंबरठ्याची जागा ‘मान्य आहे’ या बटणाने घेतलेली असते. माहिती कशासाठी हवी व नेमकी कोणती हवी, या दोन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाल्याशिवाय त्या बटणास खरी संमती म्हणता येत नाही.