गाडी सुरू होत नाही म्हणजे नेमके काय?

"गाडी सुरू होत नाहीये" हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो. पण त्यात दोन निरनिराळी दुखणी दडलेली असतात. इंजिन फिरतच नाही, हे एक. फिरते पण पेट घेत नाही, हे दुसरे. जुन्या ड्रायव्हरला हा फरक कुणी शिकवावा लागत नसे. त्याच्या हातालाच तो कळायचा!

पेट्रोलचे इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. आधी कुणीतरी ते फिरवावे लागते. तेव्हा कुठे हवा आणि पेट्रोल आत ओढले जाते, दाबले जाते, ठिणगी पडते आणि मग ते आपले आपण चालू लागते. हे फिरवायचे काम पूर्वी माणूस करी. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालायचे आणि झटका द्यायचा. हँडल हललेच नाही, तर इंजिन आतून अडकलेले. सहज फिरले पण इंजिन बोलले नाही, तर पेट्रोल नाहीतर प्लग बघा. निदान तिथल्या तिथे.

पण हे हँडल मोठे दगाबाज. ठिणगी वेळेआधी पडली, की इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, असा दंडक होता.

यावर उपाय काढला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. मोटर सतत चालवायची नसेल, क्षणभरच राबवायची असेल, तर लहान मोटरही मोठे काम करते, हे त्यांनी तिथे ओळखले होते. तीच युक्ती गाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या सेल्फ स्टार्टर घेऊन आल्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तो मिळायला १९१९ साल उजाडले. मनगटात जोर नसलेल्यांनाही आता एकट्याने गाडी काढणे सोपे झाले.

आपल्याकडे मात्र हँडल बराच काळ टिकून राहिले. जीप आणि जुनी अँबेसिडर यांना सेल्फ असूनही हँडलची सोय असे. बॅटरीचा भरवसा नसे ना! आमच्या पिढीने दोन्ही पाहिले. पुढे हँडल गेले आणि एक किल्ली (आता तर नुसते बटण) फिरवणे आणि पेटवणे ही दोन्ही कामे एकदम करू लागली. सोय झाली, पण हाताला मिळणारे ज्ञान गेले.

त्याची किंमत पैशांत मोजावी लागते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने गाडी सुरू होईना म्हणून थेट नवी बॅटरी घेतली. दोष निघाला टर्मिनलच्या सैल नटात!

म्हणून हाताऐवजी आता कान आणि डोळे वापरायचे. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवा एकदम मंदावला, इंजिन कण्हत फिरले किंवा नुसते टकटकटक ऐकू आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर गंज चढला आहे. आधी टर्मिनल साफ करा, घट्ट करा. दिवा लख्ख राहिला आणि एकच "टक्" झाले, तर बहुधा सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड बिघडलाय. दिवा लख्ख पण आवाजच नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही. मात्र ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे ना, आणि काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबला आहे ना, हे आधी पाहा. आणि इंजिन जोमात फिरूनही पेटत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल, ठिणगी किंवा किल्ली ओळखणारी यंत्रणा तपासायची.

आमच्या नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडकडे, थंडी कडाक्याची पडते. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनातले ऑइलही घट्ट होते. म्हणजे ताकद कमी आणि ओझे जास्त. डिसेंबरच्या पहाटे कुरकुरणारी गाडी दुपारी शहाण्यासारखी सुरू होते, ती यामुळे.

वर्गात एखाद्याचे गणित चुकले, की मी आधी बघायचो, याला प्रश्न वाचता आला नाही की रीत आली नाही? उत्तर दोन्हीकडे चुकलेलेच, पण उपाय वेगळे. गाडीचेही तसेच.

आणि हो, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये थोडा दम खाऊ द्या. केटरिंग यांची ती छोटी मोटर क्षणभर राबण्यासाठीच घडलेली आहे, फार ताणली तर जळते.