लांडगे, हंडा आणि चंद्रकोर

धर्मग्रामाच्या शाळेचे बोधचिन्ह मुले दहा-बारा वर्षे खिशावर वागवतात, पण ते वाचायला त्यांना फारसे कुणी शिकवत नाही. चर्च संत पीटरचे असेल तर किल्ल्या, संत जोसेफचे असेल तर लिलीचे फूल, असा साधारण संकेत असतो आणि तो उलगडायला पाच मिनिटे पुरतात. येशूसंघाच्या, म्हणजे जेसुइटांच्या, परंपरेतल्या शाळांचे मात्र तसे नाही. लोयोलाचे नाव लावणाऱ्या अनेक संस्थांच्या ढालीवर दोन लांडगे दिसतात. मधे साखळीला हंडा टांगलेला असतो आणि दोघे त्याच्याकडे झेपावलेले असतात. झेवियरचे चिन्ह असेल तिथे लाल पाटीवर रुपेरी-काळ्या चौकटींची चंद्रकोर येते. काही ढालींवर ही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. यांतले एकही चिन्ह मुळात धर्माचे नाही. ती दोन सरदार घराण्यांची आहेत.

लांडग्यांचा अर्थ शाळांतून सांगितला जातो तो असा: लोयोलांचे घर इतके उदार, की पंक्ती उठल्यावर उरलेले अन्न रानातल्या लांडग्यांनाही पुरे. गोष्ट गोड आहे. त्यात एक शब्दखेळही आहे. स्पॅनिशमध्ये ‘लोबो’ म्हणजे लांडगा आणि ‘ओया’ म्हणजे हंडा. दोन्ही जोडले की ‘लोयोला’च्या जवळ जाते. नावाच्या ध्वनीवरून चिन्ह बेतण्याची ही रीत युरोपात सर्रास होती. पण हंड्याला स्पेनमध्ये आणखी एक अर्थ होता, आणि तो मराठी वाचकाला लगेच कळेल. ज्याच्याकडे निशाण आणि हंडा आहे तो बडा सरदार, असे कास्तीलमध्ये मानत. निशाण म्हणजे माणसे गोळा करण्याचा अधिकार आणि हंडा म्हणजे ती शिबंदी पोसण्याची ऐपत. म्हणजे तो अन्नछत्राचा हंडा नव्हे, लष्कराच्या मुदपाकखान्यातला.

शिबंदी लागायचीही. बास्क प्रदेशात ओन्यास आणि गांबोआ या दोन तटांची पिढीजात भाऊबंदकी चालू होती आणि लोयोला घराणे ओन्यास तटातले. ती इतकी विकोपाला गेली, की पंधराव्या शतकाच्या मध्यात कास्तीलचा राजा चौथा एन्रिके याने संत इग्नेशियसच्या आजोबाला काही काळ हद्दपार केले आणि त्यांच्या गढीचे वरचे मजले पाडायला लावले. परत आल्यावर आजोबाने ते पुन्हा बांधले, पण विटांनी. लोयोलाला आजही ती गढी उभी आहे: खाली जाड दगडी भिंत, वर विटांचे नक्षीकाम. दारावर दगडात कोरलेले लांडगे आणि हंडा आहेत.

चंद्रकोरीची गोष्ट याहून कडू आहे. हावियेरचा किल्ला नाव्हारच्या राज्यात होता आणि तो संत फ्रान्सिसला आईकडून आलेला. वडील हुआन दे हास्सो कायद्याचे पंडित, राजाच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख. मुलाने नाव मात्र आईच्या किल्ल्याचे लावले. १५१२ मध्ये कास्तीलने नाव्हार घेतले. १५१६ मध्ये कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने हावियेरचे बुरूज आणि तट पाडण्यात आले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा होता. किल्ला उतरवणे म्हणजे घराण्याचा कणा मोडणे, हे सह्याद्रीच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पाच वर्षांनी नाव्हार परत मिळवायला फ्रेंच फौज आली. तिच्या बाजूला फ्रान्सिसचे दोघे भाऊ, मिगेल आणि हुआन, उभे राहिले. पाम्प्लोनाचा किल्ला कास्तीलकडून लढवणाऱ्यांत इन्यिगो लोयोला होता. २० मे १५२१ रोजी तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तिथून पुढची कथा सर्वश्रुत आहे. म्हणजे शाळेच्या ढालीवर गुण्यागोविंदाने बसलेली दोन चिन्हे त्या वर्षी समोरासमोर होती. हे मुलांना सांगत नाहीत, आणि माझ्या मते ढालीवर सांगण्याजोगे सर्वांत मोठे तेच आहे.

१५२९ मध्ये पॅरिसच्या सेंत-बार्ब विद्यालयात हे दोघे एका खोलीत आले. झेवियर लगेच वळला नाही. १५३१ मध्ये त्याने आपल्या खानदानीपणाचा दाखला मिळावा म्हणून नाव्हारमध्ये रीतसर खटपट सुरू केली. पाम्प्लोनाच्या चर्चमध्ये मानाची जागा मिळवायची तर तो उपयोगी पडणार होता. निकाल लागला १५३६ मध्ये, त्याच्या बाजूने. पण त्याआधीच, १५ ऑगस्ट १५३४ रोजी, मोंमार्त्रवर त्याने इग्नेशियसबरोबर निर्धनतेचे व्रत घेतले होते. त्या कागदाचा त्याला उपयोग उरला नाही. इग्नेशियसनेही १५२२ मध्ये मोंतसेरातला अंगावरचे उंची कपडे भिकाऱ्याला दिले होते आणि तलवार वेदीपाशी सोडली होती. दोघांनी पाठ फिरवलेली घराण्याची चिन्हे पुढच्यांनी सन्मानाने उचलून पुन्हा ढालीवर बसवली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या लोयोला विद्यापीठाचे खेळाडू तर ‘वुल्फ पॅक’ म्हणून मैदानात उतरतात. हंड्याची आठवण तिथे कुणाला असेल तर नवल.

इग्नेशियसने स्वतः निवडलेले चिन्ह एकच. १५४१ मध्ये संघाचा प्रमुख झाल्यावर त्याने मोहोरेवर आयएचएस ही अक्षरे घेतली. मधले अक्षर खरे तर ‘एच’ नव्हे, ग्रीक ‘ईटा’. येशूच्या ग्रीक नावातली ती पहिली तीन अक्षरे. पंधराव्या शतकात सिएनाच्या बर्नार्डिनोने ती सूर्यकिरणांत रंगवून गावोगाव दाखवली, तेव्हा ही मूर्तिपूजाच आहे असा आरोप होऊन त्याला रोममध्ये पोपपुढे उत्तर द्यावे लागले होते. आज बहुतेक जेसुइट शाळांच्या चिन्हात हीच अक्षरे असतात. जुन्या गोव्यात बॉम जीझस बासिलिकेच्या दर्शनी भागावर ती माथ्याशी कोरलेली आहेत. तिथला काळा दगड वसईहून आणला असे सांगतात. आत झेवियरचे शव आहे.