रावळगांव : गांव आणि नांव

खानदेशांतील अमळनेरासारखीं गांवें कापडगिरणीभोवतीं वाढलीं. नाशिक जिल्ह्यांतील रावळगांव साखरेवर उभें राहिलें. मालेगांवासहि जेथें आगगाडी पोंचली नाहीं, त्या गिरणा-मोसमच्या मुलखांतील खडकाळ माळ वालचंद हिराचंदांनीं उसाखालीं आणला व १९३३ मध्यें कारखाना काढला. तोडलेल्या उसाचा उतारा लवकर घटतो. म्हणून शेत, चरक व वसाहत एकत्र नांदलीं. १९४२ पासून गोळ्याहि होऊं लागल्या आणि गांवाचें नांव देशभर मुखोमुखीं झालें. परंतु उसास जवळचें शेत लागतें, गोळीस तें लागत नाहीं, आणि येथेंच खरी मेख होती. कच्चा माल, वीज, मजुरी महागली, स्पर्धक वाढले. २०२४ मध्यें रिलायन्सनें २७ कोटी रुपयांस गोळ्यांचीं नांवें व कृती घेतल्या. जमीन, इमारत व यंत्रें त्या सौद्यांत नव्हतीं.