सानिया मिर्झा: एकेरी सुटली, खेळ नाही

आठवी झाली की मुली मैदानावर दिसेनाशा होतात. आमच्या नामपूरलाही हेच. ‘सर, अब बडी हो गई,’ पालक सांगतात. तेव्हा मला सानिया मिर्झा आठवते.

15 नोव्हेंबर 1986 ला मुंबईत जन्मलेली सानिया वाढली हैदराबादेत. 2005 मध्ये लोक तिच्या खेळापेक्षा कपड्यांवरच जास्त बोलले. ती खेळत राहिली आणि 2007 मध्ये एकेरीत जगात 27वी आली. पुढे मनगटाच्या दुखापतीने गाठलं. 2013 मध्ये तिने एकेरी सोडली, पण दुहेरी धरून ठेवली. 2014 मध्ये ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेससोबत अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. एप्रिल 2015 मध्ये दुहेरीत जगात पहिली आली, जुलैत मार्टिना हिंगीससोबत विम्बल्डन जिंकलं. 2018 मध्ये आई झाली. 2020 मध्ये परतली आणि होबार्टची स्पर्धा जिंकली. 2023 मध्ये रोहन बोपण्णासोबत शेवटची ग्रँड स्लॅम फायनल खेळली आणि हरली, तीही ब्राझीलच्याच जोडीकडून.

दुहेरीत एकाची बाजू उघडी पडली तर दुसऱ्याने धावायचं असतं. सानियाला असा साथीदार आधी घरातच मिळाला. वडील इम्रान मिर्झा हेच तिचे प्रशिक्षक होते. आपल्या मुलींच्या बाजूने कोण धावणार, हे आपणच ठरवायचं आहे.