ऑनलाइन शिक्षण : प्रवेश सोपा, पूर्तता अवघड

तालुक्याच्या गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकायचे असेल, तर एकेकाळी तेथे प्रवेश मिळवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज तेच व्याख्यान तो मोबाइलवर विनामूल्य ऐकू शकतो. इतकेच नव्हे, तर त्या विषयाची परीक्षा देऊन मिळवलेले श्रेयांक त्याच्या पदवीत धरलेही जाऊ शकतात. शिक्षणातील खरा बदल या दुसऱ्या सोयीत आहे.

पत्रद्वारा शिक्षणापासून महाजालापर्यंत

घरबसल्या शिकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तर १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मात्र मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी वेगळा आणि महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी वेगळा, ही विभागणी कायम राहिली.

अमेरिकेतील एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य महाजालावर खुले करण्याची घोषणा केली. भारतात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प हाती घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खुल्या अभ्यासक्रमाला २०११ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवले आणि पुढच्याच वर्षी ‘कोर्सेरा’ व ‘एडएक्स’ अवतरले.

श्रेयांकांची जोड

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांनुसार २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. त्यामुळे महाविद्यालयात एखाद्या विषयाचा अध्यापक नसला, तरी विद्यार्थी त्या विषयाला मुकत नाही.

‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याला ध्वनिचित्रफिती आणि स्वाध्याय येतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांना २५ टक्के आणि अंतिम परीक्षेला ७५ टक्के भार असतो. शिकणे विनामूल्य आहे. मात्र प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून, परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यावी लागते. नक्कल टाळण्यासाठी आणि प्रमाणपत्राची पत टिकवण्यासाठी ही अट महत्त्वाची आहे.

गळतीचे दुखणे

नाव नोंदवणे आणि अभ्यासक्रम पुरा करणे यांत मोठे अंतर आहे. एमआयटी व हार्वर्डच्या ‘एडएक्स’वरील अभ्यासक्रमांची पाहणी ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये तो पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांत मात्र ते ४६ टक्के होते. चुकवता येईल असा वर्ग बहुतेक जण चुकवतात, असाच याचा अर्थ.

दुसरी अडचण साधनांची. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात अवघ्या १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. संगणक असलेल्या घरांचे प्रमाण ग्रामीण भागात ४.४ टक्के होते. त्यानंतर मोबाइल इंटरनेट झपाट्याने पसरले. पण घरातील एकच फोन वडील कामावर घेऊन जात असतील, तर दोन भावंडांचा अभ्यास कसा होणार, हा प्रश्न मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर घरोघरी उभा राहिला.

शिक्षकाची भूमिका

यावर उपाय महाविद्यालयातच आहे. ‘एनपीटीईएल’शी जोडलेल्या महाविद्यालयांत समन्वयक नेमला जातो आणि विषयाचे मार्गदर्शक अध्यापकही असतात. विद्यार्थ्याने स्वाध्याय वेळेवर दिला का, कोठे अडला, हे विचारणारे कोणी जवळ असेल, तर गळती रोखण्याची शक्यता वाढते. व्याख्यान दूरवरून येऊ शकते. विचारपूस जवळच्यानेच करावी लागते. ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे अध्यापकांची पदे रिक्त ठेवता येतील, असे मानणाऱ्या संस्थाचालकांनी एवढे ध्यानात घेतले, तरी पुष्कळ साधेल.